देव : पहा परमेश्वर

“बाई, देव सापडंना,” दस्तगीरचाचा म्हणाले.

गुरुवारची सकाळ, साडेनऊची वेळ. मी नुकताच चहाचा कप तोंडाला लावला होता. चाचा दारात उभे, हातात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायची स्टिक, चष्मा कपाळावर. आमच्या छापखान्याचे ते मुख्य कंपोझिटर. शेळी चुकलेल्या माणसासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

“कुठं सापडत नाही?”

“कोशात, आनि कुठं. पहिल्या खंडात ‘ईश्वर’ मीच जुळवला हुता. तिथं लिवलंय, पहा देव. आज ‘देव’ जुळवाय घेतला, तर तुमचं कार्ड म्हनतंय, पहा परमेश्वर. म्हटलं असंल. ‘प’चा खंड अजून यायचाय. पन मन राहीना, म्हनून माळ्यावर चढलो आनि परमेश्वराचं कार्ड काढून बघितलं.”

“मग?”

“पहा ईश्वर.”

चहा माझ्या नाकात गेला.

मी मिरजेच्या त्या कोशमंडळात लागले तेव्हा ‘त’ चालू होता. आम्हा कोशातल्या माणसांची ही खोड, बाकीचे लोक साल सांगतात, आम्ही अक्षर सांगतो. साल म्हणाल तर एकोणीसशे एकाहत्तर. मी तेवीस वर्षांची, तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झालेली, आणि नेमणूक सहा महिन्यांची, हंगामी. हाताखालची संपादक असं नाव होतं, पण काम मुख्यतः कार्डं लिहायचं.

आता हे ‘पहा’ काय असतं ते सांगते. कोशात एकच गोष्ट तीन-चार नावांखाली येते. ती प्रत्येक ठिकाणी लिहीत बसलं तर कागद पुरायचा नाही. म्हणून एका जागी नीट लिहायची आणि बाकीच्या जागी ‘पहा’ म्हणून तिकडं बोट दाखवायचं. बोट दाखवण्याआधी तिकडं खरंच काही आहे का, हे कपाट उघडून बघायचं, हा पहिल्या दिवशी शिकवलेला नियम. ‘देव’चं कार्ड करताना मी तो पाळला नव्हता. ‘प’ची कपाटं माळ्यावर, शिडी डगमगणारी, आणि मला वाटलं, बाकी कशाबद्दल नसेना का, देवाबद्दल कुणीतरी लिहिलंच असणार.

माझे सहा महिने त्याच शनिवारी संपत होते. घरी अप्पांकडं इचलकरंजीचं स्थळ आलेलं. मुलगा वाईट नव्हता, मला फक्त मिरज सोडायची नव्हती आणि कोश तर मुळीच सोडायचा नव्हता. अप्पा म्हणाले होते, “शनिवारपर्यंत कायम झालीस तर मी त्यांना नको म्हणून कळवतो. नाही झालीस तर तू हो म्हणायचं.” अप्पा शब्दाचे पक्के होते आणि मीही तोंड भरून कबूल करून बसले होते. अशा वेळी शेवटच्या तीन दिवसांत माझ्या हातून देवच हरवावा, म्हणजे कमाल झाली.

ती तीन कार्डं मुख्य संपादकांपुढं न्यावीच लागली. नानासाहेब करंबेळकर रोज सकाळी दोन तास पूजा करायचे, कपाळावर गंध ताजं असतानाच कचेरीत यायचे आणि खुर्चीत बसले की संध्याकाळपर्यंत हलायचे नाहीत. हाक मारायचे नाहीत, ओरडायचे नाहीत. तरी त्यांची सावली दिसली की सगळं मंडळ लगबगीनं कामाला लागायचं. त्यांनी कार्डं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत वाचली, मग पुन्हा पहिलं वाचलं.

शेजारच्या टेबलावर गंगाधरशास्त्री बसायचे. धर्म आणि दर्शनं हा त्यांचा विभाग. वय सत्तरीच्या पुढं, न्यायशास्त्र पाठ, आणि चिमटीत कायम तपकीर. ते मान वाकडी करून बघत होते. कळल्यावर इतके हसले की तपकीर धोतरावर सांडली.

“नानासाहेब, सात वर्षं झाली, आपण देवाला वाऱ्यावर सोडलाय. जो येतो तो म्हणतो, पुढच्या दाराशी विचारा.”

नानासाहेब हसले नाहीत. “चाचा, या पानांचा फर्मा छपाईला कधी बांधायचा?”

“शनिवारी सांजच्याला. त्याफुडं गेला तर दसऱ्याला खंड निघत न्हाई.”

“जागा किती?”

“दोन वळी.”

“दोन ओळींत देव बसवू?”

“त्या ‘पहा’च्या हुत्या साहेब. पन फुडं देवमासा हाय. त्याच्या चित्राचा ठसा लई थोरला घातलाय आपुन. धाकला ठसा पडून हाय कपाटात, त्यो घातला तर एक पान निघंल.”

“देवमासा धाकटा घ्या,” नानासाहेब म्हणाले. “शास्त्रीबुवा, पानात घालायचं काय?”

शास्त्रीबुवांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. नैयायिकांचा ईश्वर ‘न्याय’मध्ये जाणार होता, वेदान्त्यांचा ‘वेदान्त’मध्ये, भक्तांचा ‘भक्ती’त. मुसलमानांचा, ख्रिस्त्यांचा आपापल्या ठिकाणी. “सगळ्यांची सोय लागलीय,” ते म्हणाले. “ग्रीक तेवढे बिनघरचे राहिलेत. देव आहे हे त्यांनी कसं ठरवलं आणि तो कसा आहे म्हणाले, हे कुठंच आलेलं नाही.”

“मगदूमबाई, तुम्हाला बी. ए.ला ग्रीक होते?”

“होते.”

“मग चूक तुमची, पान तुमचं. शनिवारी चार वाजता चाचांपुढं वाचायचं. त्यांना कळलं तर छापू आणि तुमच्या नेमणुकीचंही तेव्हाच बघू. नाही कळलं तर देव दोन ओळींत जाईल आणि तुमचे सहा महिने संपतातच.”

चाचांपुढं वाचणं ही आमच्या कोशाची रीत होती. चाचा चौथी शिकलेले. कितीही मोठ्या पंडिताची नोंद असो, छापायच्या आधी ती त्यांना वाचून दाखवायची. त्यांनी मान हलवली तर छापायची, नाही तर पंडिताकडं परत. पुण्याच्या दोन प्राध्यापकांनी त्यापायी आमच्याशी बोलणं टाकलं होतं.

“अहो, जैनाच्या पोरीला देव सिद्ध करायला बसवताय,” शास्त्रीबुवा म्हणाले. “तुमच्यात जगाचा कर्ताच नाही ना गं?”

“नाही, शास्त्रीबुवा. पण परक्याचं घर झाडायला बरं पडतं. कोपऱ्यात काय सापडेल याची भीती नसते.”

“जीभ बरी चालते. तशी लेखणी चालव आता.”

गुरुवारचा दिवस आणि शुक्रवारची सकाळ मी मान मोडून लिहिलं. माझ्या मते झकास झालं होतं. शुक्रवारी चाचा जुम्म्याची नमाज करून आले तेव्हा म्हटलं, आधी एकदा रंगीत तालीम करू. ते खिळ्यांच्या पेटीपुढं उभे राहून जुळवत होते, मी स्टुलावर बसून वाचत होते. दुसऱ्या वाक्यालाच त्यांनी हात वर केला.

“बाई, ही नावं राहू द्या. जीभ अडकती. मानूस काय म्हनाला तेवढं सांगा.”

मी नावं गाळली. तेव्हापासून आजतागायत ते ग्रीक माझ्या डोक्यात नावांनी राहत नाहीत, चाचांनी ठेवलेल्या टोपणनावांनी राहतात.

“एक म्हणाला, माणसाचा डोळा बघा. नाजूक वस्तू, म्हणून तिला पापणीचं दार. वारा लागू नये म्हणून केसांची जाळी. कपाळाचा घाम आत जाऊ नये म्हणून वर भुवईची वळचण. एवढं आपोआप होईल का? कुणीतरी विचार करून केलं असणार.”

चाचांनी चष्मा काढला, डोळे मिटून उघडून बघितले. “बरोबर हाय. पापन्यावाला शहाना हुता. फुडं?”

“त्यांच्यातले दुसरे म्हणाले, अक्षरांचे पुष्कळ खिळे उधळून दिले तर ते खाली पडून पुस्तक तयार होईल का? मग एवढं जग आपोआप कसं जुळेल?”

चाचांचा हात पेटीवर थांबला. “ह्ये त्यांना कुनी सांगितलं? गेल्या दिवाळीत ‘ट’ची जुळवल्याली अख्खी गॅली माझ्या हातनं पडली. चार हजार खिळं. वेचाय तीन दिस लागले. एक शब्द धड पडला नव्हता.”

“म्हणजे जुळवणारा पाहिजे.”

“पायजेच की.” त्यांनी एक खिळा स्टिकमध्ये बसवला. “पन बाई, जुळवनारा चुकतोबी. मागच्या खंडात मी तलवार उलटी छापली. आता जगात बघा, एकाला सहा बोटं, एकाला डोळाच न्हाई. मग त्या जुळवनाऱ्याची प्रुफं कोन तपासतं?”

मी हसता हसता स्टुलावरून पडायची राहिले. हा प्रश्न मला बी. ए.च्या तोंडी परीक्षेत कुणी विचारला नव्हता. मी तो तिथल्या तिथं समासात लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी नोंदीत घातला, जरा सोवळी भाषा करून.

घोडेवाला चाचांना फार आवडला. तो म्हणाला होता, घोड्यांना हात असते तर त्यांनी देवाची चित्रं घोड्यासारखी काढली असती आणि बैलांनी बैलासारखी. खरा देव एक, आणि तो दिसायला कुणासारखाच नाही.

“आनि देवमाशानं?”

“देवमाशाच्या आकाराची.”

“मग मोठा ठसाच लागला असता,” चाचा म्हणाले आणि पोट धरून हसले. हसणं ऐकून आतून शास्त्रीबुवा आले आणि त्यांनाही सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

एक जण म्हणत होता, देव आहेत, पण लांब कुठं तरी आपल्या आनंदात बसलेत. जगाची उठाठेव ते करत नाहीत, रागावत नाहीत, पावत नाहीत. चाचांना हे पटेना. “काय करतच न्हाईत तर त्यांना देव कशापाई म्हनायचं?”

इथं मात्र मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. “आमचे मोक्षाला गेलेले सिद्ध असेच असतात, चाचा. त्यांच्याकडं आम्ही मागायला जात नाही. त्यांच्यासारखं व्हावं म्हणून नमस्कार करतो.”

चाचांनी मान हलवली. “असं सांगा की. ह्ये कळलं.”

शेवटी राहिला न हलणारा, आणि तिथं गाडी रुतली. तो ग्रीक सगळ्यांत मोठा, त्याला गाळून चालणार नव्हतं. तो म्हणतो, हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीला दुसरं काहीतरी हलवतं, त्याला तिसरं. ही रांग कुठंतरी थांबायला हवी. म्हणून मुळाशी एक असा आहे, जो सगळ्यांना हलवतो पण स्वतः हलत नाही.

“रांग थांबाय पायजे, ह्ये पटलं,” चाचा म्हणाले. “तुमच्या तीन कार्डात मी काल सकाळभर गोल फिरत हुतो. पन न हलता हलवनार कसं? यंत्राला पट्टा फिरवतो, पट्ट्याला चाक, चाकाला माझा पाय. माझा पाय हलल्याबिगर काय हलतंय?”

“तो ढकलत नाही, चाचा. ओढ लावतो. आवडत्या माणसासारखा.”

“आवडत्या मानसाकडंबी आपल्या पायानंच जावं लागतं.”

“म्हणजे नानासाहेबांसारखा. खुर्चीतून उठत नाहीत आणि सगळे पळतात.”

“ते भ्या हाय बाई, ओढ न्हवं.” त्यांनी स्टिक खाली ठेवली. “ह्ये मला कळलं न्हाई. उद्या साहेबांनी इचारलं तर मी खोटं सांगनार न्हाई. वाईट वाटून घिऊ नका.”

वाईट वाटलं. चांगलंच वाटलं. घरी जाऊन दोन घास खाल्ले आणि अप्पांच्या नजरेला नजर न देता कोपऱ्यात लिहीत बसले. तो परिच्छेद पाच प्रकारांनी लिहिला, पाचही वाचून मलाच कळेनात.

शनिवारी चार वाजता टेबलाभोवती आम्ही चौघं. नानासाहेब खुर्चीत, शास्त्रीबुवा तपकिरीसकट, चाचा हात धुऊन, टोपी नीट करून बसलेले. मी वाचायला लागले. पापण्यांवर चाचांनी मान हलवली, खिळ्यांवर हलवली. प्रुफांच्या वाक्याला नानासाहेबांची भुवई वर गेली आणि खाली आली. घोड्यांवर शास्त्रीबुवा पुन्हा हसले. आनंदात बसलेल्या देवांवर चाचा म्हणाले, “कळलं.” मग न हलणारा आला. मी सहाव्यांदा लिहिलेला परिच्छेद वाचला. चाचांची मान हलली नाही.

“चाचा?” नानासाहेब म्हणाले.

“न्हाई साहेब. ढकलल्याबिगर कसं हलतं, ते न्हाई कळलं.”

इचलकरंजीचे यंत्रमाग मला तिथं बसून ऐकू यायला लागले. आणि मग, का कोण जाणे, मी कागद खाली ठेवला.

“चाचा, तुम्ही सकाळी किती वाजता येता?”

“सातला.”

“कामाची वेळ किती?”

“नऊ.”

“नानासाहेब बोलावतात का लवकर?”

“छे. त्यांना ठाऊकबी नसंल.”

“घरात कुणी उठवतं?”

“बायको उलट म्हनती, म्हातारपनी झोपा की जरा.”

“मग ढकलतं कोण?”

चाचा हसले, मग टोपी काढून डोकं खाजवायला लागले. “ढकलत कोन न्हाई. मला ‘ह’ बघायचाय. शेवटचा खंड. सगळा कोश एका फळीवर उभा केल्याला बघायचाय. माझं वय एकसष्ठ हाय. रोज दोन तास जास्त केलं तर गावंल, असं वाटतंय.”

“तो ‘ह’ तुमच्याकडं आला का कधी? तो काही करतो का?”

“त्यो काय करनार? हाय तिथंच हाय. मीच…” ते मध्येच थांबले. माझ्याकडं बघत राहिले, मग कागदाकडं. “असं हाय व्हय ते?”

“असंच आहे.”

“मग सरळ तसं लिवा की बाई. एवढा येळ चाकं कशाला फिरवत बसला?” आणि त्यांची मान अशी जोरात हलली की टोपी हातातून पडली.

शास्त्रीबुवा नैयायिक. त्यांना गप्प बसवेना. “पण मुली, ‘ह’ अजून व्हायचाय. त्या ग्रीकाचा देव तर आधीपासून आहे.”

“तेवढा फरक आहे, शास्त्रीबुवा. तोही लिहिते. ओढ मात्र तीच.”

“मग माझी हरकत नाही.”

नानासाहेबांनी कागद मागून घेतला. मी तिथंच उभी राहून परिच्छेद सातव्यांदा लिहिला, चार ओळींत. त्यांनी तो वाचला, पेन काढलं आणि पानाच्या खाली सही केली. मग ‘ईश्वर’चं जुनं कार्ड हातात घेतलं.

“हे अक्षर माझं आहे,” ते म्हणाले. “पहिल्या खंडाला ईश्वरावर मी चाळीस पानं लिहिली होती. एकही चाचांपुढं वाचायचा धीर झाला नाही. म्हटलं, ‘द’ यायला सात वर्षं आहेत, तोवर मला काहीतरी कळेल. म्हणून ‘पहा देव’ लिहिलं आणि सुटलो.” ते पहिल्यांदाच हसले. “रोज दोन तास पूजा करतो, मगदूमबाई. कळलं नाही.”

शास्त्रीबुवा धोतरावरची तपकीर झटकत बसले होते. खाली बघूनच म्हणाले, “परमेश्वराचं कार्ड माझं. मला वाटलं, तुम्ही ईश्वरात सगळं लिहून मोकळे झाला असाल.”

“आणि मला वाटलं, तुम्ही परमेश्वरात लिहिलं असेल,” मी म्हणाले.

आणि आम्ही चौघंही असे हसत सुटलो की छापखान्यातली माणसं दारात येऊन उभी राहिली. चाचा डोळे पुसत उठले, “चला, देवमासा बदलतो,” म्हणाले आणि गेले.

मी तशीच उभी. नेमणुकीचं विचारायचं कसं? नानासाहेबांनी परमेश्वराचं कार्ड माझ्यापुढं सरकवलं.

“हे नवीन करा. पहा देव. आणि लक्षात ठेवा, ‘प’चा खंड येईल तेव्हा कुणीतरी शहाणा पुन्हा ते बदलायला निघेल. तेव्हा त्याचा हात धरायला तुम्ही इथं हव्यात.”

“‘प’ला किती वर्षं आहेत?”

“या गतीनं दोन-तीन. त्यापुढं ‘ह’पर्यंत मी काही सांगू शकत नाही. पत्र सोमवारी मिळेल, आजपासून कायम म्हणून.”

मी नमस्कार केला का, काय बोलले, काही आठवत नाही. किल्ल्याजवळच्या कचेरीपासून आमच्या गल्लीपर्यंत मी धावत गेले, चप्पल हातात घेऊन. तेवीस वर्षांची पदवीधर बाई.

पोहोचले तेव्हा सूर्य बुडाला होता. आमच्याकडं सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. आईनं भांडी घासून पालथी घातलेली, अप्पा सोप्यात बसलेले.

“उशीर केलास. आता उद्या सकाळीच.”

“चालेल,” मी म्हणाले. “अप्पा, कायम झाले.”

त्यांनी सरकून जागा केली. मला शेजारी बसवून सगळं ऐकून घेतलं, पापण्या, घोडे, प्रुफं, ‘ह’. “कर्ता नसलेल्या घरातून देवाची नोंद गेली म्हणायची,” ते म्हणाले आणि किती तरी वेळ गालातल्या गालात हसत राहिले. मग उठून आत गेले आणि एक पोस्टकार्ड आणि टाक घेऊन आले.

“इचलकरंजीला तूच लिही. तुझं लिहिलेलं आता छापतात. माझं कोण वाचतंय?”

“काय लिहू?”

अप्पांनी जरा विचार केला. “त्यांना म्हणावं, आमच्या मुलीचा ‘द’ चालू आहे. ‘ह’ झाला की कळवतो.”

मी तसंच लिहिलं.